कडांचं शून्य

ढालगावच्या माळावर, पवनचक्क्यांच्या अलीकडे
आमची पत्र्याची शेड. छप्पर रुळांवरून सरकतं,
म्हणजे चौघांनी ढकललं तर.
आत सात आरसे. मध्ये एक, भोवती सहा,
षटकोनी, प्रत्येकाच्या पाठीला तीन पाय.
एकवीस पायांचं हे जनावर
दिवेलागणीला मी उठवते.

आरसे घासले रशीद शिकलगारांनी, मिरजेत.
त्यांचे पणजोबा तलवारींना झिलई करायचे,
वडील कात्र्यांना धार लावायचे,
हे काचेवर आले.
म्हणतात, "धार चुकली तर कापत न्हाई, एवढंच.
ह्ये चुकलं तर दिसत न्हाई.
आणि दिसत न्हाई हेबी दिसत न्हाई."

दोन आरशांमधली फट शाळूच्या दाण्याएवढी.
फटीच्या दोन्ही काठांवर चिकटवलेल्या पट्ट्या
एकमेकींना विचारत राहतात
तू वर का मी वर
तू वर का मी वर
सेकंदाला दोनशे वेळा.
उत्तर येतं नॅनोमीटरमध्ये.
एका केसाच्या जाडीत असे ऐंशी हजार मावतात,
असं मी सहलीला आलेल्या पोरांना सांगते,
आणि पोरं आपापला केस उपटून बघत बसतात.

चोवीस पट्ट्यांची उत्तरं घ्यायची,
एकवीस पायांना सांगायचं, कुणी किती उचलायचं.
एवढंच माझं काम.
पवनचक्की फिरली की जमिनीतून एक थरथर येते,
तिला आम्ही पाव्हणा म्हणतो.
पाव्हणा आला की हुकूम सौम्य करायचे.
फार नेटानं सावरायला गेलं
तर पाय त्याच्याच तालावर नाचायला लागतात.
हे शिकायला मला दोन पावसाळे लागले
आणि एक कोपरा उडालेला आरसा.

मार्गशीर्षातली रात्र. अडीचच्या सुमाराला
पारा घसरला, आणि पडद्यावर
चोवीसच्या चोवीस शून्य.
इतकं निखळ शून्य मी कधी पाहिलं नव्हतं.
श्रेणिक चौगुलेनं फोटो काढला, बायकोला पाठवला.
ती झोपली होती.

मग मी ताऱ्याकडे पाहिलं.
ब्रह्महृदय. टाचणीच्या टोकाएवढा हवा होता,
तो थापायला घेतलेल्या गोळ्यासारखा पसरलेला.

वायरी हलवल्या. कॅमेऱ्याची काच पुसली.
श्रेणिक म्हणाला, धुकं असेल.
धुकं नव्हतं. पवनचक्क्यांचे लाल दिवे
आटपाडीच्या अंगापर्यंत स्वच्छ मोजता येत होते.

समजायला चार वाजले.
गारठ्यात पट्ट्या जरा खोटं बोलल्या,
सगळ्या एकाच दिशेनं, सारखंच.
प्रत्येक आरसा शेजाऱ्याकडे बघून किंचित कलला,
शेजारी त्याच्याकडे बघून.
कुणी कुणाच्या वर नाही, कुणी खाली नाही,
अख्खी परात मिळून उथळ झाली
आणि एकाही कडेला पत्ता नाही.
कडेला फक्त कड कळते.

चाचा घोंगडीत होते, मला वाटलं झोपलेत.
"आपसात इच्यारून काय कळणार, पोरी?"
घोंगडीतून एक बोट वर आलं.
"त्येला इच्यार की."

त्याला विचारलं.
ताऱ्याचा उजेड सातांत वाटून घेतला,
सात ठिपके पडले, जिथे पडायला हवेत तिथे नाहीत.
बाहेरच्या सहांना थोडं आत कलवलं, पुन्हा थोडं,
पट्ट्या ओरडत होत्या, लाल, लाल, लाल,
आणि ब्रह्महृदय गोळा होत होत
एवढुसं झालं.

कुणी काही बोललं नाही. श्रेणिकनं थर्मास हलवून पाहिला, रिकामा.

पडद्यावर आता अकरा, उणे चार, सात, उणे नऊ.
एकही शून्य नाही.
चोवीस आकडे मी वहीत उतरवले
आणि वर लिहिलं, आजपासून हेच शून्य धरावं.

चाचा मिरजेच्या गाडीला गेले.
ऊन पत्र्यावर चढलं, पत्रा तडतडला,
आणि मी वही पुन्हा उघडली
तेव्हा सातवा आकडा
चुकायला लागला होता.